जमिनीचा लिलाव आणि शहराचा आकार : १९७८ नंतरची चिनी शहरे

उत्तरायण (धागाकर्ता)

चिनी शहरांविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते फार लवकर उंच इमारती आणि वेगवान गाड्यांवर येते, आणि तिथून 'त्यांना जमले, आपल्याला का नाही' या ठरलेल्या थांब्यावर जाऊन उभे राहते. या धाग्यात त्या थांब्यापर्यंत जायचे नाही. कारखाना कुठे, घर कुठे, रस्ता केवढा आणि भिंत कुठे, ही शहराची घडण आर्थिक सुधारणांनी कशी बदलली, एवढेच तपासावे असे वाटते. माझ्या मते यातला निर्णायक बदल जमिनीच्या कायद्यात झाला; इमारती त्याच्या मागून आल्या.

आधी सुधारणांपूर्वीचे शहर पाहू. १९५० च्या दशकापासून चिनी शहराचा मूळ घटक म्हणजे 'दानवेइ', अर्थात कामाची संस्था (आपल्याकडच्या आडनावाशी याचा काही संबंध नाही). कारखाना असो, विद्यापीठ असो वा सरकारी खाते, प्रत्येक दानवेइ आपल्या भिंतीच्या आत कामाच्या जागेबरोबर घरे, खाणावळ, पाळणाघर, दवाखाना आणि न्हाणीघर बांधत असे. घर हा पगाराचाच भाग होता आणि भाडे नाममात्र होते. माणूस चालत किंवा सायकलने कामावर जाई आणि कित्येक दिवस त्याला फाटकाबाहेर पडायचे कारण पडत नसे. जमीन राज्याने फुकट आणि बेमुदत दिलेली असल्यामुळे ती परत करण्यात कोणाचाच फायदा नव्हता. शहराच्या ऐन वस्तीत भट्टी धडधडत असली, तरी त्या जागेला किंमतच नसल्यामुळे ती हलवावी असे कोणत्याही हिशेबातून निघत नसे. घरांवर खर्च मात्र इतका थोडा झाला होता की १९७८ मध्ये शहरांत माणशी राहण्याची जागा अवघी ३.६ चौरस मीटर होती, म्हणजे एक खाट आणि तिच्या बाजूला उभे राहण्यापुरती फरशी.

१९८२ च्या राज्यघटनेने शहरातली जमीन राज्याची आणि खेड्यातली जमीन गावाच्या समूहाची ठरवली, आणि तिची विक्री किंवा भाडेपट्टा दोन्हींना मनाई केली. त्याच्या दोन वर्षे आधी, १९८० मध्ये, हाँगकाँगच्या सीमेला लागून असलेल्या शेनझेनला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला होता. तिथे कारखानदार यायला तयार होते, पण रस्ते आणि नळ टाकायला पैसा नव्हता. नदीपलीकडे हाँगकाँगचे सरकार मुदतीच्या पट्ट्याने जमिनीचे लिलाव करून तिजोरी भरताना रोज दिसत होते. अखेर १ डिसेंबर १९८७ रोजी शेनझेनने ८,५८८ चौरस मीटर जागेचा, म्हणजे आपल्या हिशेबात दोन एकर पाच गुंठ्यांचा, पन्नास वर्षांचा वापरहक्क जाहीर लिलावात काढला. बोली २० लाख युआनपासून सुरू झाली आणि ५२ लाख ५० हजारांवर हातोडा पडला. त्या दिवशी हा व्यवहार चक्क घटनेच्या विरुद्ध होता. घटनादुरुस्ती झाली ती चार महिन्यांनी, एप्रिल १९८८ मध्ये. लग्न आधी लागले, पत्रिका नंतर जुळवली. १९९० च्या नियमांनी मग मुदती ठरवल्या: घरांसाठी ७० वर्षे, उद्योगांसाठी ५० आणि व्यापारासाठी ४०.

मालकी राज्याचीच राहिली, पण वापराला किंमत आली, आणि किंमत आल्याबरोबर शहरातली प्रत्येक गोष्ट आपली जागा सोडून सरकू लागली. बीजिंगच्या पश्चिमेचा शौगांग हा १९१९ मध्ये सुरू झालेला पोलाद कारखाना बोहाई किनाऱ्यावरच्या चाओफेइदियानला हलवला गेला आणि २०१० च्या अखेरीस जुन्या जागेवरच्या भट्ट्या विझल्या. त्यात ऑलिंपिकच्या हवेची काळजी होती हे खरे, पण राजधानीतल्या एवढ्या जमिनीवर पोलाद काढणे तोवर परवडेनासेही झाले होते. तिथले पाणी थंड करणारे अवाढव्य मनोरे तसेच ठेवले, आणि २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शेजारी बर्फावरच्या उड्यांची स्पर्धा झाली.

दुसरा धक्का १९९८ चा. त्या वर्षी सरकारने दानवेइमार्फत घर वाटण्याची पद्धत बंद केली. राहत्या लोकांना त्यांची घरे स्वस्तात विकली गेली आणि नवे घर हवे असणाऱ्याला बाजाराची वाट दाखवली गेली. काम एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला अशी स्थिती मोठ्या प्रमाणावर तेव्हापासून आली. बीजिंगचा दुसरा वर्तुळमार्ग, जो बराचसा पाडलेल्या जुन्या तटबंदीच्या रेषेवरून जातो, १९९२ मध्ये पूर्ण झाला, आणि सहावा २००९ मध्ये. सतरा वर्षांत शहराने एकाबाहेर एक अशी चार कडी आणखी घातली.

जाणकारांनी भर घालावी, आणि चुकत असल्यास जरूर दुरुस्त करावे.

खडीसाखर

धागा आवडला. एक मूलभूत शंका आहे. जिथे पक्ष म्हणेल ती पूर्व दिशा, तिथे 'जमिनीच्या किमतीने शहर घडवले' असे म्हणणे कितपत योग्य? पुडोंगचा विकास १९९० मध्ये वरून जाहीर झाला आणि हुआंगपू नदीच्या पूर्वेला, जिथे गोदामे, जुनी वस्ती आणि शेते होती, तिथे मनोरे उभे राहिले. यात बाजार कुठे आला? (अवांतर: २००४ च्या सुमारास 'मुंबईचे शांघाय' ही घोषणा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नदीकाठचे ते मनोरेच असावेत. जमिनीचा कायदा खचितच नसावा.)

उत्तरायण

शंका रास्त आहे. बाजार आहे, पण त्यात विक्रेता एकच आहे, आणि तो म्हणजे स्थानिक सरकार. पुडोंगमध्येही सुरुवातीला रोख रक्कम फारशी नव्हती. शांघायने आपल्या विकास कंपन्यांना भांडवल म्हणून जमीनच दिली आणि त्यांनी तिचे वापरहक्क विकून रस्ते बांधले. आदेश वरून आला, पैसा जमिनीतून आला.

या विक्रेत्याला घाई का झाली, याचे उत्तर १९९४ च्या करवाटपात आहे. १९९३ मध्ये देशाच्या एकूण सरकारी महसुलातला केंद्राचा वाटा सुमारे २२ टक्के होता. नव्या व्यवस्थेत तो एका वर्षात ५५.७ टक्क्यांवर गेला. मूल्यवर्धित कराचे ७५ टक्के केंद्राकडे आणि २५ टक्के स्थानिकांकडे अशी वाटणी झाली. शाळा, रस्ते आणि दवाखाने यांचा खर्च मात्र जिथल्या तिथे राहिला. जमिनीच्या वापरहक्काचे पैसे केंद्राने स्थानिकांकडेच सोडले होते, त्यामुळे महापौरांची नजर शहराच्या हद्दीवरच्या शेतांकडे वळली.

याचा आकारावरचा परिणाम फारसा बोलला जात नाही. कारखाना आला की कर आणि रोजगार वर्षानुवर्षे मिळतो, म्हणून उद्योगांना जमीन मातीमोल भावाने दिली गेली, शेजारचे शहर आणखी स्वस्त देईल या भीतीने कधी खर्चाच्याही खाली. तो तोटा घरांच्या आणि दुकानांच्या जमिनीतून भरून काढायचा, तर ती जमीन मोजूनमापून बाहेर काढावी लागते. म्हणून चिनी शहराच्या कडेला ऐसपैस औद्योगिक वसाहती दिसतात, ज्यांत एकमजली शेडपुढे हिरवळ आणि आठ मार्गिकांचा रिकामा रस्ता असतो, आणि तिथून चार किलोमीटरवर तेहतीस मजल्यांच्या इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. तेहतीसच का, तर शंभर मीटरच्या वर अग्निसुरक्षेचे नियम एकदम कडक आणि खर्चिक होतात.

सोल्डरगन

मी अभ्यासक नाही. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी सर्किट बोर्डांची खरेदी करण्याच्या निमित्ताने २०१३ ते २०१८ या काळात शेनझेनला वरचेवर जात होतो, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेले तेवढे लिहितो. आमच्या पुरवठादाराकडे काम करणारा हूनान प्रांतातला एक मुलगा बाइशिचौ नावाच्या वस्तीत राहत असे. नकाशावर ती शहराच्या भर मध्यात आहे, मेट्रोचे स्थानक दाराशी. दोन पावले आत गेलो आणि शहर संपले. सात-आठ मजली इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की दोन घरांतली माणसे खिडकीतून हात मिळवू शकतील. त्यांना तिथे 'हस्तांदोलन इमारती' असेच म्हणतात. भर दुपारी बारा वाजता गल्लीत मोबाइलची बॅटरी लावून चालावे लागले. वरून वाळत घातलेल्या कपड्यांचे पाणी टपकत होते आणि हाताला लागतील इतक्या खाली तारांचे जुडगे लोंबत होते. त्याच्या खोलीत एक पलंग, एक प्रेशर कुकर आणि दिवसभर जळणारी ट्यूब होती. खिडकी उघडली की समोरच्याचा तळणीचा धूर आत. तळमजल्याच्या हूनानी खाणावळीत मात्र मिरचीचा ठसका असा की गावाकडची आठवण यावी.

तिथून जवळच 'जगाची खिडकी' नावाचे सहलीचे उद्यान आहे. त्यातल्या आयफेल टॉवरची १०८ मीटर उंच प्रतिकृती त्या गल्लीच्या तोंडातून दिसे. एवढ्या मोक्याच्या जागी अशी वस्ती राहिली कशी, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

पाणंद

सोल्डरगन यांचे वर्णन वाचून आपली गावठाणे डोळ्यांसमोर आली. मी नगररचना खात्यात नोकरी केली आहे. शहराची हद्द वाढते, शेतांवर आराखडा पडतो, पण गावठाणाभोवतीची रेषा तशीच राहते आणि तिच्या आत नियम वेगळे चालतात. चीनमध्ये असेच काही झाले का? आणि राज्य इतके समर्थ असताना त्यांनी गावठाणही का घेतले नाही?

त्रिज्या

पाणंदकाका, अगदी तसेच झाले, आणि कारण पुन्हा हिशेबाचेच आहे.

खेड्यातली जमीन गावाच्या समूहाची असते. ती शहरी वापरात आणायची तर आधी राज्याने ती संपादित करून आपली करायची आणि मगच तिचा वापरहक्क विकायचा, असा नियम होता. गावाने परस्पर बिल्डरला द्यायची सोय नव्हती. संपादनाचा मोबदला बाजारभावाने दिला जात नसे, तो पिकाच्या उत्पन्नावर ठरे: १९९८ च्या कायद्यानुसार जमीन आणि पुनर्वसन मिळून सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या फार तर तीसपट. भाताच्या शेताला तीस वर्षांच्या भाताची किंमत द्यायची आणि तेच शेत घरांसाठी लिलावात काढायचे, यात सरकारला प्रचंड नफा होता. घरांच्या बाबतीत गणित उलटे होते. घर घेतले की कुटुंबाला दुसरीकडे घर द्यायचे, भरपाई द्यायची, शिवाय भांडण वाट्याला यायचे. म्हणून नगरपालिकांनी शेते घेतली आणि घरांचा पुंजका तसाच सोडला. शहर त्याच्या चारही बाजूंनी वाढून पुढे गेले. त्याला म्हणतातही 'शहरातले गाव'.

शेत गेल्यावर गावकऱ्याकडे उरले ते घर. कारखान्यांत आलेल्या लाखो परप्रांतीयांना खोल्या हव्या होत्या आणि बाजारातले फ्लॅट त्यांच्या आवाक्यात नव्हते. भात पिकवणारा माणूस भाडे पिकवू लागला. दोन मजल्यांचे सात झाले. सरकारने डोळेझाक केली, कारण कामगारांच्या घरांचा खर्च त्याच्या डोक्यावरून परस्पर उतरत होता. एकट्या बाइशिचौमध्ये सुमारे दीड लाख माणसे राहत होती असे सांगितले जाते. शेनझेनने २००४ मध्ये बाओआन आणि लोंगगांग या भागांतली उरलेली सामूहिक जमीन कागदोपत्री राज्याची केली, पण कागदाने इमारत हलत नाही.

ग्वांगझूमधले लिएदे हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मोत्यांच्या नदीकाठी, नव्या व्यापारी केंद्राला अगदी खेटून. २००७ मध्ये गावाच्या जमिनीचा एक तुकडा ४६० कोटी युआनना लिलावात गेला आणि त्या पैशांतून संपूर्ण गाव पाडून नव्याने बांधले गेले. गावकरी २०१० मध्ये परतले ते उंच इमारतींत, आणि गावाच्या समूहाची कंपनी होऊन ते तिचे भागधारक झाले. कुळांची पूर्वजमंदिरे पुन्हा बांधली, ड्रॅगन नौकांच्या शर्यतीही चालू राहिल्या. परतले नाहीत ते भाडेकरू. त्यांची नोंद करारात कुठेच नव्हती.

पाणंद

उत्तराबद्दल आभार. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कंपनी करणे हे ऐकताना हडपसरच्या मगरपट्ट्याची आठवण होते. फरक एवढाच की तिथे मालकी आधीपासून शेतकऱ्यांची स्वतःची होती आणि पुढाकारही त्यांचाच होता.

पिंपळपार

नोकरीनिमित्त सहा वर्षे शांघायमध्ये राहिले. धागाकर्त्यांच्या मूळ मांडणीशी मी पूर्ण सहमत नाही. तुम्ही दानवेइचे शहर मोडले आणि त्या जागी नवे आले असे चित्र उभे करता. मला मात्र दानवेइची भिंत जिथल्या तिथे दिसते; आतली खाणावळ गेली आणि पोहण्याचा तलाव आला, इतकाच बदल.

आज शहरी चिनी कुटुंब ज्या बंदिस्त संकुलात राहते त्याला 'श्याओचू' म्हणतात. त्याला भिंत, फाटक आणि फाटकावर गणवेशातला रखवालदार असतोच. का असतो? कारण सरकारला जमीन मोठ्या तुकड्यांत विकणे सोयीचे होते. हमरस्ते पालिकेने बांधायचे, आतले रस्ते बिल्डरने, आणि त्यांची देखभाल रहिवाशांनी. छोटे छोटे भूखंड पाडले असते तर मधल्या गल्ल्या पालिकेच्या गळ्यात पडल्या असत्या. परिणाम असा की एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत चारशे-पाचशे मीटर चालावे लागते आणि मध्ये कुठेही आरपार जाता येत नाही. पुडोंगचा शतक मार्ग सुमारे पाच किलोमीटर लांब आणि शंभर मीटर रुंद आहे. माझ्या सासूबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या, तेव्हा हिरवा दिवा एकदा लागून विझेपर्यंत त्या मधल्या दुभाजकापर्यंतच पोचल्या आणि तिथल्या कठड्याला टेकून म्हणाल्या, "हा रस्ता आहे की मैदान?"

दुसरी गोष्ट उन्हाची. विमानातून पाहिले तर चिनी शहरात सगळ्या इमारती दक्षिणेकडे तोंड करून कवायतीला उभ्या असल्यासारख्या दिसतात. घराला हिवाळ्यात ऊन मिळालेच पाहिजे असा नियम आहे. अनेक मोठ्या शहरांत 'दाहान' या दिवशी, म्हणजे २० जानेवारीच्या आसपास, किमान दोन तास. दोन इमारतींमधले अंतर या उन्हाने ठरते. जमिनीचा भाव कितीही चढला तरी त्या अंतरापुढे बिल्डरला नमावे लागते, म्हणून तो आडवा न वाढता उभा वाढतो. दक्षिणाभिमुख घराची ही ओढ सुधारणांच्या कितीतरी आधीची आहे. आकार समजून घेताना एकट्या बाजाराकडे बोट दाखवून चालणार नाही, असे मला वाटते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनेच सूचना काढली की यापुढे नवी बंदिस्त संकुले बांधू नयेत आणि जुनीही हळूहळू खुली करावीत. लोक खवळले. आमच्या इमारतीच्या चॅट ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता: आतल्या रस्त्याचे पैसे आम्ही फ्लॅटच्या किमतीत मोजले आहेत, तो परक्यांना का द्यायचा? भिंती आजही उभ्या आहेत.

(शांघायच्या सूतगिरण्यांचा विषय वेगळ्या धाग्याचा आहे. १९९८ च्या सुमारास तिथेही जुन्या चात्या मोडीत निघाल्या आणि कामगार, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, घरी बसले. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला सूचोऊ खाडीच्या काठाने चालताना सगळे ओळखीचे वाटते, अगदी गिरणीत निघालेल्या चित्रदालनांसकट.)

उत्तरायण

पिंपळपार, भिंतीचा मुद्दा मान्य. 'दानवेइ मोडली' असा अर्थ निघावा इतकी माझी मांडणी सैल होती. मोडला तो भिंतीच्या आतला करार. पूर्वी आत राहणारे सगळे एका ठिकाणी काम करत, अभियंता आणि झाडूवाला एकाच जिन्यात भेटत. आता आत राहणाऱ्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे फ्लॅटची किंमत. आकार तोच, पण त्याने केलेली माणसांची वर्गवारी वेगळी.

खडीसाखर

पण मग भिंतीच्या बाहेर राहिलेल्यांचे काय? 'हुकौ', म्हणजे जन्मगावाशी बांधलेली नोंद, हा विषय अजून आलेला नाही. १९५८ पासूनची ही व्यवस्था सुधारणांनी सैल केली, पण काढली नाही. २०२० च्या जनगणनेत शहरांत राहणारे ६३.८९ टक्के होते आणि शहरी हुकौ असलेले ४५.४ टक्के. मधली तफावत म्हणजे शहरात राबणारी पण कागदावर शहराची नसलेली माणसे, ज्यांना मुलांची शाळा आणि घराची मदत सहजी मिळत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये बीजिंगच्या दाशिंग भागातल्या आगीत १९ जण गेले, आणि त्यानंतर सुरक्षेच्या नावाखाली अशा वस्त्या ऐन थंडीत काही दिवसांच्या मुदतीने रिकाम्या केल्या गेल्या. जमीन विकता येते की नाही यावर शहर घडले हे मान्य, पण त्या शहरात कोणाला कायमचे राहता येईल हे नोंदवहीने ठरवले.

त्रिज्या

खडीसाखर यांच्याशी पूर्ण सहमत. शहरातली गावे ही त्या तफावतीचीच जागा आहे. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय सोल्डरगन यांचे कोडे सुटत नाही.

सोल्डरगन

आता सुटले. तो मुलगा २०१९ मध्ये तिथून निघाला. पाडकामासाठी वस्ती रिकामी करून घेत होते. मेट्रोने तासभर लांब खोली मिळाली आणि भाडे वाढले, असे त्याने कळवले.

एक व्यावहारिक प्रश्न. सत्तर वर्षांनी काय? आणि विकायला जमीनच उरली नाही तर?

उत्तरायण

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण ती वेळ काही अंशी आलीच आहे. जमीन संपली नाही, गिऱ्हाईक संपले. २०२१ मध्ये स्थानिक सरकारांना वापरहक्कांच्या विक्रीतून सुमारे ८.७ लाख कोटी युआन मिळाले होते. ऑगस्ट २०२० मध्ये बिल्डरांच्या कर्जावर मर्यादा आल्या, २०२१ च्या अखेरीस एव्हरग्रांड या मोठ्या बिल्डर कंपनीचे हप्ते थकले, आणि २०२२ मध्ये हाच आकडा ६.७ लाख कोटींवर उतरला. त्याआधीच, १ जानेवारी २०२० पासून, सुधारित कायद्याने गावांना उद्योग-व्यापाराची सामूहिक जमीन काही अटींवर थेट बाजारात आणायची मुभा दिली आहे आणि तीसपटीची मर्यादाही काढली आहे. कडेच्या शेतांवर चालणारे ते जुने गणित आता दोन्ही बाजूंनी आखडत आहे.

मुदतीविषयी: २००७ च्या मालमत्ता कायद्यात घरांच्या जमिनीचा वापरहक्क 'आपोआप नूतनीकृत होतो' असे म्हटले होते. पैसे पडणार का, यावर तो गप्प होता. २०२१ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या नागरी संहितेने तो प्रश्न पुढच्या कायद्यावर सोडला. वेन्झौमध्ये १९९० च्या दशकात काही घरांना फक्त वीस वर्षांची मुदत दिली होती. ती २०१६ च्या सुमारास संपली तेव्हा आधी मोठ्या रकमेची चर्चा झाली, देशभर गदारोळ झाला, आणि अखेर तूर्तास अर्जही नको आणि पैसेही नकोत असा तात्पुरता तोडगा निघाला.

१९८७ च्या लिलावातल्या त्या दोन एकर पाच गुंठ्यांवर घरेच बांधली गेली, आणि त्यांची पन्नास वर्षे २०३७ मध्ये भरतात.